मोपाच्या विमानाने शिरोड्याला: आकाशात ४९ मिनिटं, उंबरठा ते उंबरठा सात तास

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका विमान कंपनीचा नाहीये, मुंबई ते मोपा (उत्तर गोव्यातला विमानतळ) या अख्ख्या प्रवासाचा आहे, तोही डोंबिवलीतल्या आमच्या दारापासून वेंगुर्ल्याच्या बाजूच्या शिरोड्यातल्या घराच्या पडवीपर्यंतचा, कारण तळकोकणात जाणाऱ्या माणसाला विमानतळावर थोडंच राहायचं असतं, त्याला घरी पोचायचं असतं.

आई ७४ वर्षांची आहे, गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. ऑपरेशन छान झालं, चालते, चार पायऱ्या चढते, पण पाय खाली सोडून दोन तासांच्या वर बसली की गुडघा सुजतो आणि मग उठताना तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मे महिन्यात गावी जायचंच होतं, दादाकडे नवीन घराची वास्तुशांत होती. रेल्वेचं रिझर्व्हेशन हातातून गेलं, आता ६० दिवस आधी बुकिंग उघडतं आणि मे-गणपतीच्या तारखा डोळ्यासमोर वेटिंगवर जातात, कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मग विमान बघितलं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने मोबाईलवर दोन शहरांमधलं अंतर काढायची साईट उघडली आणि म्हणाला मावशी, मुंबई ते मोपा सरळ रेषेत ३८५ किलोमीटर, विमान ताशी ८०० ने जातं, म्हणजे २९ मिनिटं! तिकिटावर मात्र एक तास वीस मिनिटं लिहिलेलं. आई म्हणाली दोन्हीतलं खरं काय ते बघूया जाऊन.

तर मी घड्याळ लावून सगळं लिहून ठेवलं. घरातून पहाटे ५.२० ला निघालो. कॅब रिकाम्या रस्त्यानेसुद्धा ६.४० ला विमानतळावर. विमान ८.५० चं. बॅगा देणं, सिक्युरिटी वगैरे करून आम्ही आठला गेटवर. ८.५० ला हलायचं ते ९.१२ ला हललं, मग धावपट्टीच्या रांगेत उभं, चाकं जमिनीवरून उचलली तेव्हा ९.३६ झाले होते. मोपाला चाकं टेकली १०.२५ ला. म्हणजे आकाशात आम्ही ४९ मिनिटं होतो. दार उघडलं १०.३६, आम्ही इमारतीच्या बाहेर आलो ११.२०, आणि दादाच्या गाडीतून शिरोड्याच्या घरासमोर उतरलो तेव्हा दुपारचे १२.२५. एकूण सात तास पाच मिनिटं. ३८५ ला सातने भागा, ताशी ५५ किलोमीटर येतात.

हे वाचून कोणी म्हणेल मग विमानाचा काय उपयोग. उपयोग आहे, खूप आहे, पण तो वेगात नाहीये, ते पुढे लिहिते.

आधी ती ४९ मिनिटं आणि तिकिटावरची ८० मिनिटं यातला फरक, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कंपन्या उगाच वेळ फुगवून लिहितात. काही प्रमाणात ते जास्तच धरतात, पण त्याला कारण आहे. तिकिटावरचा वेळ हा विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो, उडण्याचा नाही. मुंबईच्या या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना कापून जातात, त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी विमानं चालवता येत नाहीत, एका वेळी एकच वापरायची, आणि एवढ्या मोठ्या विमानतळाची सगळी विमानं त्या एकीवरून. सकाळच्या वेळी खिडकीतून बघितलं तर पुढे सहा-सात शेपट्या ओळीने उभ्या दिसतात, आपला नंबर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेलीच. नंतर वर गेल्यावरसुद्धा ८०० चा वेग लगेच मिळत नाही, १० हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटच्या वर जात नाहीत, म्हणजे ताशी ४६० किलोमीटर, आणि वेगाला लागतं न लागतं तोच उतरायची तयारी सुरू होते. आम्हाला पाण्याचा ग्लास मिळाला, तो संपायच्या आत "पट्टे बांधा" आलं. दिल्लीला जाणाऱ्या विमानाला वेग घ्यायला मधे मोकळा वेळ सापडतो, मुंबई-मोपाला तो सापडतच नाही. म्हणून त्या अंतर काढणाऱ्या साईट ३८५ भागिले ८०० करून जे उत्तर देतात ते कोकणच्या प्रवासाला लावूच नका, आकाशातला वेळ पाऊण तासाच्या वरच धरा.

आता मुख्य गोष्ट, चिपी आणि मोपा यातला फरक, कारण मी दोन्ही केलंय.

सिंधुदुर्गचा चिपी-परुळ्याचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेतून मुंबईचं ७० सीटचं एटीआर विमान यायचं. २०२२ च्या मे मध्ये आईला मी त्यातून आणलं, तिचा आयुष्यातला पहिला विमानप्रवास. हे पंखेवालं विमान, दोन्ही बाजूला दोन-दोन सीट, मधली सीटच नाही, मागच्या दाराने छोट्या जिन्यावरून चढायचं. जेटच्या मानाने हळू, ताशी ५०० च्या आसपास, पण मुंबई ते चिपी सरळ अंतर साधारण ३५० किलोमीटर, त्यामुळे हवेत तासाभराचा प्रवास. म्हणजे जेटपेक्षा दहा-बारा मिनिटं जास्त, बस्स. आणि त्या दहा मिनिटांच्या बदल्यात जे बघायला मिळालं ते मी कधी विसरणार नाही.

एटीआर जेटएवढं उंच जात नाही आणि त्याचे पंख खिडकीच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खाली बघताना मधे काही येत नाही. मी आईला उजवीकडची खिडकी दिली होती, दक्षिणेला जाताना किनारा उजव्या हाताला राहतो. मे महिना, आकाश स्वच्छ. खाली एकामागून एक खाड्या, आधी दाभोळची, मग जयगडची, मग विजयदुर्गची, तपकिरी जमिनीत निळ्या फांद्या घुसल्यासारख्या. आई कपाळ काचेला लावून बसली होती. मधेच विचारायची, "ही खाडी खंयची गो?" मी मोबाईलमधला नकाशा आणि मागची गावं आठवून अंदाजाने सांगायचे. विजयदुर्गचं नाव घेतल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, लहानपणी आम्ही बोटीने यायचो ना, भाऊच्या धक्क्यावरून, तेव्हा विजयदुर्ग आलं की माझी आई आम्हाला उठवायची, आता पुढे देवगड, मालवण आणि मग वेंगुर्ला म्हणून. सकाळी मुंबईत बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला, बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि होडीत उतरवून किनाऱ्याला आणायचे. आईला बोट लागायची. तिच्या आईने म्हणजे माझ्या आजीने लिंबाची फोड हुंगायला दिलेली तिला आठवत होती, ती गोष्ट मी तोपर्यंत एकदाही ऐकली नव्हती.

मग मालवण आलं, पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला, तटबंदीचा नागमोडी आकार अगदी स्पष्ट दिसला, आणि तोच कर्लीच्या खाडीवरून विमान खाली आलं. टेकलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "एवढ्यात इला? माका वाटला आता खंय निघता."

चिपीला उतरल्यावर काय सुख होतं सांगू, विमानाच्या जिन्यापासून इमारत दिसते, चालत जायचं, ते विमान सोडलं तर दुसरं विमान नाही, बॅगा आल्या, बाहेर, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांत गाडीत. बाहेर जांभा कातळाचा सडा, वारा सुसाट, आणि कुठेतरी काजूच्या बोंडांचा वास. तिथून शिरोडा लांब पडतं खरं, परुळं, म्हापण करत वेंगुर्ल्याला यायचं आणि मग खाली, दीड तास धरा. पण मालवण, परुळं, म्हापण, कुडाळ या बाजूच्या लोकांना यासारखं दुसरं काही नाही. दुःख एवढंच की ती सेवा टिकली नाही, उडानची तीन वर्षांची मुदत संपली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईचं ते विमान थांबलं. त्यानंतर पुणे, हैदराबाद, बंगलोर अशी विमानं चिपीला आली, पण चाकरमानी मुंबईत असतो ना, आमचा रस्ता मुंबईचा. मला याचं फार वाईट वाटतं. अडीच किलोमीटरची धावपट्टी कातळावर तयार आहे आणि मालवणची माणसं मोपाला उतरून दोन तास उलटं वर येतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की तारीख ठरली की आधी चिपीला मुंबईचं विमान लागतंय का ते तपासा, नसेल तर मोपा.

मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं चालू झाली. गोव्यात आहे, पेडणे तालुक्यात, पण आमच्या बाजूच्या लोकांना तो आपलाच वाटतो, कारण महाराष्ट्राची हद्द हाकेवर आहे. पूर्वी दाबोळीला उतरायचं म्हणजे मुंबईपासून सरळ अंतर ४२५ किलोमीटर, आणि तिथून परत उत्तरेला यायचं, मांडवीचा पूल, म्हापसा, दोन-अडीच तास. आता बांदा, सावंतवाडी, आरोंदा, रेडी, शिरोडा या पट्ट्याला मोपा म्हणजे तासाभराच्या आतबाहेर. आम्ही नयबागवरून तेरेखोल नदी ओलांडून सातार्डा, मळेवाड, आजगाव करत आलो, रस्ता अरुंद आहे पण दोन्ही बाजूला बागा, सावली, आणि शेवटी शिरोड्याची मिठागरं दिसली की आई पदर सावरून बसते, घर आलं.

विमानतळ स्वच्छ आहे, मोठा आहे, टॉयलेट चकाचक, याबद्दल काहीच तक्रार नाही. फक्त मोठा आहे म्हणजे चालणं आहे. चिपीसारखं उतरलं आणि बाहेर असं नाही. आणि इथे आमचा जो त्रास झाला तो मोपाचा नाही, आमच्या विमान कंपनीचा, नाव लिहीत नाही. आईसाठी व्हीलचेअर आम्ही तिकीट काढतानाच मागितली होती, परत तीन दिवस आधी फोन करून खात्री केली होती. मुंबईला व्यवस्थित मिळाली, मुलगा इतका चांगला होता, आईला आजी आजी करत गेटपर्यंत घेऊन आला, लिफ्टच्या दारात थांबून तिचा पदर चाकात जात होता तो स्वतः वर केला. पण मोपाला उतरल्यावर सगळं विमान रिकामं झालं, साफसफाईवाले आत आले, तरी खुर्ची नाही. दोन माणसांना विचारलं, दोघं म्हणाले येतेय. आई दाराजवळच्या सीटवर बसली, मग उठली, मग परत बसली. मी म्हटलं चालूया का हळूहळू, तर म्हणाली, "माका चलूक येता, पण उभ्यान रवाक जमणा नाय." ही गोष्ट मला फार लागली. कारण सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्या माणसाला चालण्याचा त्रास असतो, खरा त्रास ताटकळत उभं राहण्याचा असतो. चोवीस मिनिटांनी खुर्ची आली. तोपर्यंत आमच्या बॅगा पट्ट्यावर एकट्याच फिरत होत्या. ४९ मिनिटांच्या उड्डाणानंतर २४ मिनिटं एका खुर्चीसाठी, म्हणजे निम्मा विमानप्रवास! ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आहे त्यांना सांगते, ४८ तास आधी कळवणं तर कराच, पण विमान उतरायच्या आधी आतल्या एअर होस्टेसला सीट नंबर सांगून पुढे खुर्ची तयार ठेवायला सांगा. परतीला मी तसं केलं तर मुंबईला दाराशी खुर्ची उभी होती.

अजून एक, गुडघ्यात धातू असला की सिक्युरिटीच्या दारात आवाज येतो. आई घाबरली, तिला वाटलं आपण काही चुकीचं आणलं. बाईपोलिसाने पडद्याआड नेऊन हाताने तपासलं, नीट बोलली, पाच मिनिटांत सोडलं. ऑपरेशनच्या डॉक्टरचा कागद बरोबर ठेवा, मागितला नाही तरी आपल्याला धीर राहतो. आणि कान. चढता-उतरताना आईचे कान दडे बसल्यासारखे होतात, म्हणून तिच्या बटव्यात खडीसाखर असते, ती चघळत राहायची, गिळत राहिलं की कान मोकळे होतात. माझ्या पलीकडच्या सीटवर एक बाळ रडत होतं, आईने त्याच्या आईला बोट दाखवून सांगितलं दूध पाज, उतरताना पाज, आणि ते खरंच शांत झालं.

परतीचं सामान हा कोकणातल्या माणसाचा वेगळाच विषय आहे त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रेल्वेत आपण गोण्या भरून आणतो, विमानात १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, आमच्या तिकिटाला तेवढंच होतं. वैनीने प्रेमाने बॅग भरली, त्यात आंबे, कोकमं, आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली, घरचा मसाला, आणि तळाला सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, चांगल्या दोन किलो. काउंटरवर विचारलं नारळ-खोबरं आहे का, मी हो म्हटलं, तर म्हणाले काढा. सुकं खोबरं ना हातातल्या बॅगेत चालतं ना पोटातल्या, त्यात तेल भरपूर असतं म्हणून ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात. रांगेत बाजूला होऊन बॅग उघडली, आंबे वर काढले, मसाल्याची पिशवी वर काढली, खालून खोबरं. दादा अजून पार्किंगमधून निघाला नव्हता म्हणून त्याच्या हातात परत देता आलं, नाहीतर वैनीने मे महिनाभर पत्र्यावर वाळवलेलं खोबरं तिथेच टाकून यावं लागलं असतं. आगळाची बाटली हातातल्या बॅगेत नेऊ नका, ती चेक-इनमध्ये, झाकणाला प्लास्टिक बांधून, कपड्यांच्या मधोमध. आंब्याला काही अडचण आली नाही, एक डझन पेंढ्यात घालून खोक्यात दिले, वजनात धरले गेले, डोंबिवलीला एकही दबला नव्हता.

परत येताना विमान वेळेवर निघालं, पण मुंबईजवळ येऊन समुद्रावर घिरट्या घालत राहिलं, उतरायला जागा नाही. एकच जहाज खाली तीनदा दिसलं. वीस मिनिटं गेली त्यात. आणि मग संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये विमानतळ ते डोंबिवली दोन तास दहा मिनिटं! मोपा ते मुंबईपेक्षा मुंबई ते डोंबिवलीला जास्त वेळ लागला. म्हणून परतीचं विमान सकाळचं किंवा दुपारी बाराच्या आतलं घ्या, संध्याकाळचं स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, निदान ठाणे-डोंबिवली-कल्याणवाल्यांनी तरी.

आता रेल्वेशी तुलना. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि आमचं आयुष्य बदललं, त्याबद्दल माझ्या मनात कायम उपकाराची भावना आहे. वंदे भारत २०२३ च्या जूनपासून आहे, मुंबईहून पहाटे ५.२५ ला सुटते आणि कणकवलीला सहा तासांच्या आसपास नेते. कणकवली, देवगड, फोंडा या बाजूच्या लोकांनी विमानाचा विचारसुद्धा करू नये, मोपाला उतरून कणकवलीला जाईपर्यंत ते वंदे भारतने घरी जेवून आडवे झाले असतील. पण ती सावंतवाडीला थांबत नाही, आम्हाला थिवीला उतरून मागे यावं लागतं, घर ते घर साडेआठ-पावणेनऊ तास होतात, आणि पावसाळ्यात ती आठवड्यातून कमी दिवस असते, गाड्यांचा वेगही कमी करतात. रात्रीच्या कोकणकन्येने गेलं तर अकरा-बारा तास, पण ते झोपेत जातात, माझ्यासारख्या धडधाकट बाईला तेच सगळ्यात बरं, तिकीट मिळालं तर. रस्ता पाचशे किलोमीटरच्या आसपास, आकाशात ३८५ आणि जमिनीवर ५०० हा फरक घाटांचा आणि खाड्यांचा आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथली वळणं टळली हे मोठं काम झालं, पण २०११ पासून चाललेलं चौपदरीकरण अजून माणसाच्या कंबरेला जाणवतं. आईला गाडीने न्यायचा प्रश्नच नव्हता.

तर विमानाने वाचले किती? वंदे भारतपेक्षा दीड-पावणेदोन तास. पैसे मात्र आम्हा दोघींचे जायचे जवळजवळ ९ हजार झाले, दीड महिना आधी काढून. नुसत्या वेळासाठी हे पैसे मी दिले नसते. पण मी आईच्या गुडघ्याने मोजते. रेल्वेत खुर्चीवर सलग साडेसहा तास, पाय खाली. विमानात काय होतं, कॅबमध्ये सव्वा तास, मग व्हीलचेअर, मग गेटजवळच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, मग विमानात दीड तास, मग परत गाडीत तास. सलग दोन तास कुठेच बसावं लागलं नाही. शिरोड्याला उतरली तेव्हा गुडघा नेहमीसारखाच होता, सूज नाही. दुपारी तिने स्वतः विहिरीपर्यंत जाऊन जास्वंदीची झाडं बघितली, गेल्या वेळी रेल्वेने आल्यावर दोन दिवस खाटेवर होती. म्हणून ज्याच्या घरी गुडघ्याचं, कंबरेचं दुखणं आहे, किंवा गावाहून अचानक फोन येतो तसा फोन आलाय आणि आजच पोचायचंय, त्याने विमान घ्यावं आणि पैशाचा हिशोब करू नये. बाकीच्यांनी रेल्वे.

पावसाळ्यात मात्र विमानाची खात्री धरू नका. चिपी काय, मोपा काय, दोन्ही उंच सड्यावर आहेत, ढग खाली उतरले की धावपट्टी दिसत नाही आणि विमानं लांबतात. गणपतीच्या आदल्या दिवशीचं विमान काढून मूर्ती आणायची जबाबदारी स्वतःकडे घेऊ नका, एक दिवस हातात ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली, मोपाहून पुढे जायची गाडी आधी ठरवून ठेवा. आम्हाला दादा आला म्हणून ठीक, पण आमच्याबरोबर उतरलेलं आजगावचं एक जोडपं बाहेर टॅक्सीशी घासाघीस करत उभं होतं, हद्द ओलांडून महाराष्ट्रात सोडायचं म्हटलं की भाडं वेगळंच सांगतात. आम्हाला त्याच रस्त्याने जायचं होतं, दादाने त्यांना गाडीत घेतलं. त्या वहिनींच्या मांडीवर मुंबईहून आणलेलं पितळी समईचं खोकं होतं, सातार्ड्याच्या पुलावर त्यांनी ते उघडून आईला दाखवलं, आणि आईने पुलावरून खाली बघत त्यांना विचारलं, "तुमी कधी बोटीन येयल्यात काय?" त्यांचे वडील वेंगुर्ल्याला बंदरावर कामाला होते. आजगाव येईपर्यंत दोघी बोटीबद्दलच बोलत होत्या.

गणपतीचं तिकीट मी काल काढलं, आईचं आणि माझं, मोपाचं, सकाळचं, चतुर्थीच्या तीन दिवस आधीचं. आईला उजवीकडची खिडकी मिळाली आहे.